बारा माणसांचं टेबल

आमच्या ग्लदानीतल्या इमारतीत
लिफ्टला पैसे पडतात. वर जायचं तर नाणं टाका,
नाहीतर गुडघे आहेतच.
पण हे टेबल आलं तेव्हा लिफ्टच बसली नव्हती.
नऊ मजले. चार खांदे.
त्यातला मागचा डावा माझा,
आणि पाचव्या मजल्याच्या कठड्याला ती खोक अजून आहे.

अक्रोडाचं. बारा माणसं बसायची,
कोपरं आखडून घेतली तर चौदा.
खोली अठरा चौरस मीटर.
म्हणजे आधी टेबल, मग उरेल तिथे संसार.
त्सिआलाचा नवरा होता तोवर कुणी कुरकुरलं नाही.
तो पेला घेऊन उभा राहिला
की भिंती चार बोटं मागे सरकायच्या.

आता तो नाही. शोरेना इटलीत,
कुणाच्यातरी आईला भरवते, पुसते, झोपवते.
आणि तिची तेक्ले येतेय सप्टेंबरात, आजीकडे, शाळेला.
अकरा वर्षांची. एक बॅग, एक कासव.

त्सिआलानं वहीच पुढे केली.
बिजागऱ्या, जुन्या बाजारातून: चार लारी.
सँडपेपर: दोन.
पडदा: निळी चादर फाडायची.
रंग: जिन्याचा उरलाय, हिरवा.
वाझा: पुढे जागा कोरी.
"तुझे किती लिहू?"
आलुबुखाराच्या चटणीच्या दोन बरण्या, म्हटलं.
आंबट. गेल्या वर्षीसारखी गोड नको.

मी सुचवलं होतं, वीक.
नवा कॅफे काढणारा पोरगा तीनशे द्यायला तयार होता.
"विकलं तर परके लोक कॉफी सांडतील.
कापलं तर निदान घरातल्या घरात राहील."
अंथरूण पाहून पाय पसरावेत, ठीक आहे;
इथे अंथरूणच कापायचं होतं.

मापं घ्यायला टेबल उलटं केलं
आणि खालच्या बाजूला, एका कडेला,
बॉलपेननं काढलेले बूट.
नुसते बूट. बारा जोड.
तिथे बसून तेवढंच दिसतं.
एकाचा तळ उसवलेला, नाडीच्या जागी तार.
तो मी.

शोरेना तेव्हा सहा-सात वर्षांची असेल.
वर आम्ही गेलेल्यांसाठी, मातीसाठी,
मुलांसाठी पेले उचलत होतो
आणि मूल खाली होतं.

त्सिआला बराच वेळ हात पुसत राहिली.
हात कोरडेच होते.
मग म्हणाली, "काप, वाझा.
बुटांमधून नको. पलीकडून."

अर्ध्याचा पलंग झाला, पेटीसारखा,
पोटात रजया, हिवाळ्याचे कोट, रिकाम्या बाटल्यासुद्धा,
टाकून द्यायला ती तयार नाही.
दोन पाय दारामागे आडवे ठोकले, कपड्यांना.
उरलेला अर्धा भिंतीला, बिजागरीवर:
खाली पाडला की अभ्यासाचं टेबल,
वर उचलून खटका लावला की भिंत.
भुसा तीन दिवस चहात येत होता.

हिरवा मी सगळीकडेच फासणार होतो.
"वरून लाव," ती म्हणाली. "खालून नाही."

म्हणून आता अभ्यास संपून टेबल मिटलं
की भिंतीवर आम्ही बाराजण उभे,
घोट्यापर्यंतच.
तेक्लेनं रात्री गुपचूप खाली कासव काढलंय.
पेन्सिलीनं, म्हणजे खोडता येईल असं.
कुणी खोडलेलं नाही.

रविवारी शोरेनाचा फोन आला.
पोरीनं मोबाइल फिरवून खोली दाखवली,
इथे झोपते, इथे कोट, इथे वह्या.
भिंतीपाशी आली आणि पलीकडचा आवाज तुटला.
"नेटवर्क," त्सिआला म्हणाली.
नेटवर्क चांगलं होतं.

वहीत बेरीज एकतीस लारी.
चटणीची बरणी मात्र एकच मिळाली.
दुसरी नव्या वर्षाला, म्हणे,
त्या रात्री बाराजण कुठे बसवायचे
ते शोधून काढलंस तर.